राणीच्या मापाचा दगड

सासूबाईंची आणि त्या दोरीची पहिली गाठ पडली मंगळवारी सकाळी, आणि पहिल्याच भेटीत दोघींचं अजिबात पटलं नाही.

आम्ही नेहमीसारख्या झऱ्यावर निघालो होतो. मी पुढे, हातात बादली आणि काखेत कपड्यांचं गाठोडं. सासूबाई मागे, काठी टेकत आणि माझ्या चालण्यातल्या चुका काढत. डोंगराच्या पायथ्याशी खडकातून कोमट पाणी येतं, बारा महिने, उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या तरी येतं. तिथे पोहोचलो तर चार बांबू रोवलेले, बांबूंना पिवळी दोरी बांधलेली आणि दोरीला पाटी लटकवलेली. दोरीच्या आत सासूबाईंचा बसायचा दगड. दोरीच्या बाहेर खुर्ची टाकून आमचे न्हावीकाका, अंगात खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी.

"काय रे, इथं दाढ्या करायला बसलास का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही वहिनी. मी आता राखण करतो."

"कशाची?"

"आसनाची."

"कुठल्या आसनाची?"

न्हावीकाकांनी तोंडाने सांगायचं टाळून पाटीकडे बोट दाखवलं. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. 'राणीचे आसन. अतिप्राचीन. बसू नये.'

सासूबाईंनी आधी पाटीकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग न्हावीकाकांकडे.

"राणी कुठं गेलीये?"

"राणी वारली वहिनी. शेकडो वर्षं झाली."

"मग मला बसू दे की. ती काय उठवायला येणारे?"

असं म्हणून त्यांनी काठीने दोरी वर केली आणि खाली वाकल्या. न्हावीकाकांनी शिट्टी फुंकली, ती इतक्या जवळून की सासूबाई दचकल्या, काठी घसरली आणि मी धरलं नसतं तर तिथेच आडव्या झाल्या असत्या. कपडे धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्या, आणि काय चाललंय ते कळल्यावर लगेच पुन्हा खाली घातल्या. आमच्या गावात एवढ्या एकजुटीने कुठलंच काम होत नाही.

आता तो दगड कुणाचा, ते सांगते. मी लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्या आठवड्यात तीन बायकांनी मला ही गोष्ट वेगवेगळी गाठून सांगितली होती, आणि तिघीही सांगताना पोट धरून हसल्या होत्या. आमचं घर पाथरवटाचं. जाती, पाटे, पायऱ्या, उंबरे असलं काम. सासूबाई तरुणपणी चाऱ्याने भरलेल्या गाडीवरून खाली आल्या आणि डाव्या कमरेचं हाड बसलं ते कायमचं. पाय आखूड झाला. उकिडवं बसता येईना, सपाट दगडावर टेकलं की कळ थेट टाचेपर्यंत जायची. झऱ्याच्या कोमट पाण्याने बरं वाटायचं, पण पाण्यात बसायचं कसं? सासऱ्यांनी मग एक उद्योग केला. अंगणात ओल्या मातीचा ढीग घातला, चांगला तुडवला, आणि भर दिवसा बायकोला त्या मातीत बसवलं. उठवल्यावर मातीत जो ठसा राहिला त्यावरून माप घेतलं आणि दोन महिने खपून एक दगड कोरला. डावी बाजू दोन बोटं खोल, कड आतून गोल, पाठीला टेकण. मग तो गाडीवर घालून झऱ्यावर नेला आणि पाण्याच्या धारेखाली बसवला.

गावाने हसून घेतलं. बायकोचं बूड मोजणारा पाथरवट म्हणून त्यांना कुणीही हाक मारायचं. आमचे हे तेव्हा पाच वर्षांचे होते. त्यांना ती माती आठवते, आणि शाळेत पोरांनी चिडवलेलंही आठवतं. सासरे जाऊन वीस वर्षं झाली. बत्तीस वर्षं सासूबाई रोज सकाळी तासभर त्या दगडात बसतात, धार कमरेवर घेतात, आणि मग दिवसभर शेतात नि घरात मला सळो की पळो करून सोडायला मोकळ्या होतात. त्या पाण्याशिवाय तीन दिवस गेले तर त्यांना उठवायला दोन माणसं लागतात.

आता राणीचं सांगते. राणीची गोष्ट गावात आहे, ती नाही असं मी म्हणत नाही. कुठल्याशा राजाची राणी शिकारीला आली, घोडा उधळला, राणी पडली आणि पाय मोडला. मेंढपाळाने तिला झऱ्यावर आणलं. चाळीस दिवस तिने पाण्यात पाय शेकला आणि चालत घरी गेली. राजाचं नाव काय, राणीचं काय, हे कुणाला माहीत नाही. राजाने गावाला काय दिलं तेही कुणाला माहीत नाही. चाळीस दिवस राणीला आणि तिच्या लवाजम्याला गावाने खाऊ घातलं असणार एवढं मात्र मी पैजेवर सांगते.

ही गोष्ट इतकी वर्षं आपली एका कोपऱ्यात पडून होती. मग आमच्या मास्तरांची बदली या गावात झाली. मास्तरांना इतिहासाची भारी आवड, आणि वर्गात ऐकणारं कुणी नाही. त्यांनी वरच्या कचेरीला अर्जांवर अर्ज धाडले, आणि सातव्या की आठव्या अर्जाला कंटाळून कचेरीने एक संशोधक बाई पाठवल्या. गळ्यात मोजायची फीत, हातात वही. त्या सारखं काहीतरी मोजत असत म्हणून गावाने त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं. बाई कामसू होत्या. खडक मोजला, कुंड मोजलं, धार मोजली. आणि मग त्यांना दगड दिसला.

आमच्या झऱ्याचं पाणी क्षाराचं. त्यात तांब्या विसरून गेलात तर वर्षभरात त्यावर असा थर चढतो की तो खापरपणजोबांचा वाटावा. बत्तीस वर्षांत त्या दगडावर काय चढलं असेल! बाईंनी वरचा थर पाहिला, खोलगट जागेत फीत टाकली, डावी बाजू खोल भरली आणि ओरडल्याच. पाय मोडलेली राणी! आसन तिच्याच मापाचं! मास्तर तर तिथेच पाण्यात उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मास्तर परगावचे, त्यांना खरं माहीत नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने बोलता येतं. बाकीच्या गावाच्या बाजूने बोलायला काही सापडत नाही. पन्नास माणसं भोवती उभी होती आणि पन्नासांनी मिठाची गुळणी धरली.

कारण बाई बोलून गेल्या होत्या, की हे पक्कं झालं तर मोठे साहेब पाहणीला येतील, आणि झऱ्यापर्यंत डांबरी रस्ता होईल.

आम्ही दोघी त्या दिवशी शेतात होतो, कांदे काढत. आम्हाला हे सगळं कळलं ते दोरी बांधून झाल्यावर.

बुधवारी सासूबाई कण्हत उठल्या. गुरुवारी भिंत धरून उठल्या. शुक्रवारी उठल्याच नाहीत. मी चुलीवर पाणी तापवून शेक दिला, फडकी बदलली, पण हंडाभर पाण्याने झऱ्याचं काम होत नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. सगळ्यात वाईट म्हणजे त्या माझ्या चुका काढेनाशा झाल्या. भाजीत मीठ दुप्पट पडलं तरी गप्प खाल्लं. मला तेव्हा खरी भीती वाटली.

"मी दुसरा दगड कोरतो," आमचे हे म्हणाले. ते बोलतात कमी, म्हणून बोलले की आम्ही ऐकतो.

"एका बाईला दोन सिंहासनं?" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "राणीलासुद्धा एकच होतं म्हणतात. आणि ठेवशील कुठं? धार तर दोरीच्या आत आहे."

तेही खरंच होतं. मी पदर खोचला आणि न्हावीकाकांकडे गेले. ऊन रणरणत होतं, गरम वारा ढेकळांची धूळ उडवत होता, आणि काका दोरीशेजारी शिट्टी गळ्यात घालून ओला रुमाल डोक्यावर टाकून बसले होते.

"काका, हा दगड झऱ्यावर कुणी आणला?"

"मला काय माहीत पोरी? मी लहानपणापासून इथंच बघतोय."

"तुमच्या उजव्या अंगठ्याचं नख वाकडं का आहे?"

काकांनी अंगठा चपलेत आत ओढला.

"तो दगड गाडीवरून उतरवताना तुमच्या पायावर पडला होता. तुम्हीच सांगायचात. मामंजींनी तुम्हाला पाठीवर घेऊन घरी नेलं होतं म्हणून."

"तो दुसरा दगड असेल."

"दुसरा दगड कुठाय मग?"

"अगं, जुनी गोष्ट आहे. आता माझं वय झालं. आठवत नाही नीट." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ सूनबाई, माझ्या दुकानात दिवसाला चार डोकी येतात, त्यातली दोन नुसती गप्पा मारायला. रस्ता झाला, लोक यायला लागले, तर मी इथं समोरच खुर्ची टाकीन. आंघोळीच्या आधी दाढी. माझंही बघ की जरा."

"आणि तुमच्या वहिनीचं कुणी बघायचं?"

काका शिट्टी तोंडात धरून नुसते चावत राहिले.

तिथून मी पुढाऱ्यांकडे गेले. आमचे पुढारी म्हणजे गावाचा कारभार बघणारा माणूस. बघतात म्हणजे नुसते बघतातच. ओसरीत ते आणि मास्तर स्वागताच्या खुर्च्या मोजत बसले होते.

"अगं, मावशीची काळजी काय मला नाही?" पुढारी म्हणाले. "अरे मास्तर, माझ्या सख्ख्या मावशीपेक्षा जवळची बाई आहे ती. पण गावाचा विचार करायला नको? पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो. गाडी रुतली की बैलांचा जीव जातो. रस्ता झाला की तुझ्याच सासूला दवाखान्यात न्यायला किती सोपं पडेल!"

"त्या तुमच्या दोरीमुळेच दवाखान्यात जायच्या झाल्यात."

"म्हणजे रस्त्याची गरज तूसुद्धा मान्य करतेस."

असल्या माणसाशी बोलायचं म्हणजे आपलंच डोकं आपण भिंतीवर आपटायचं. तरी मी म्हटलं, "दगड आमच्या मामंजींनी कोरला. तुम्ही तेव्हा वीस वर्षांचे होता. सगळ्यात मोठ्याने तुम्ही हसला होता."

मास्तरांनी चमकून पुढाऱ्यांकडे पाहिलं. पुढारी जराही गडबडले नाहीत.

"मास्तर, दुःखी बाई आहे. सासू आजारी. तुम्ही मनावर घेऊ नका." आणि मला म्हणाले, "सोमवारी साहेब येतायत. तेवढा दिवस जाऊ दे. मग बघू."

मग बघू, म्हणजे कधीच नाही. पुढाऱ्यांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकत इथे माणसं म्हातारी झाली आहेत.

सोमवारी सकाळी सासूबाई खाटेवर उठून बसल्या. कशा बसल्या ते त्यांनाच ठाऊक. कपाळावर घाम फुटला होता.

"हातगाडा काढ," त्या यांना म्हणाल्या. "मला झऱ्यावर न्यायचं."

"आई, हाडं खिळखिळी होतील," मी म्हटलं.

"होऊ देत. त्या साहेबासमोर एकेकाची अशी अब्रू काढते की राणीसुद्धा ऐकायला उठेल. न्हाव्यापासून सुरुवात."

दगड वाहायच्या हातगाड्यावर मी गोधडी अंथरली, वर उशी ठेवली, त्यावर सासूबाई. हे पुढून ओढत होते, मी मागून ढकलत होते. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्या कळवळायच्या आणि कळवळून झालं की त्या खड्ड्याशेजारच्या घरातल्या माणसाला शिवी द्यायच्या. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. एरवी वाटत नाही.

झऱ्यावर धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडलं होतं. तीन ओळी खुर्च्या. सगळा गाव आंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून आला होता. आंघोळ झऱ्यावर नाही, घरीच केली होती. मोठे साहेब पहिल्या ओळीत, गोल, घामाघूम, सारखे घड्याळाकडे बघणारे. आमचा गाडा खडखडत पोचला तशी पुढाऱ्यांची पाचावर धारण बसली. ते धावत आले.

"मावशी, तुला बरं नाही, कशाला आलीस? घरी जा. मी संध्याकाळी स्वतः येतो."

"तू बाजूला हो. तुझा नंबर तिसरा आहे."

तेवढ्यात मोजणीबाईंनी बोलायला सुरुवात केली. सासूबाईंनी तोंड उघडलं होतं, पण परक्या बाईला मध्येच तोडायचं नाही एवढी रीत त्यांनी पाळली. बाई बोलून होईपर्यंत थांबू म्हणाल्या.

मोजणीबाईंनी दगडाची एक बाजू क्षार खरवडून साफ केली होती. तिथे हात ठेवून त्या सांगत होत्या, "साहेब, ही डावी बाजू बघा. दोन बोटं खाली आहे. आधी मला वाटलं झिजली असेल. पण टाकीचे घाव आत तसेच आहेत, म्हणजे मुद्दाम खोल केलीय. ही कड बघा. हाडाला धार लागू नये म्हणून आतून गोल घेतलीय, आणि ती नुसती गोल नाही, पुढे कमी, मागे जास्त. का, तर बसताना वजन मागे जातं."

साहेबांनी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं.

"आणि मागची ही पन्हळ. झऱ्याची धार सरळ पडली असती तर डोक्यावर पडली असती. ती इथून वळवून बरोबर कमरेच्या दुखऱ्या जागी आणलीय. मी वीस वर्षं दगडकाम बघते आहे. देवळं पाहिली, किल्ले पाहिले. नक्षी करणारे पुष्कळ असतात. पण या माणसाने त्या बाईला उठता-बसता काय होतं ते रोज पाहिलंय, आणि ते सगळं दगडात उतरवलंय. असा कारागीर एखाद्या राजाच्या पदरीच असणार."

मी सासूबाईंकडे पाहिलं. आता सुटणार तोफ, असं मला वाटत होतं. पण त्या पुढे वाकून, काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, आणि आवाज त्यांचा वाटेना, "ते पन्हळीचं परत एकदा सांगा."

मोजणीबाई चकित झाल्या, पण त्यांनी परत सांगितलं. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चौदा वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या माणसाला आयुष्यभर गावाने बूड मोजणारा म्हणून हाक मारली, आणि तो मेल्यावर वीस वर्षांनी कुणीतरी पहिल्यांदा त्याच्या हाताचं कौतुक केलं, तेसुद्धा दुसऱ्याचा समजून. हे गाड्याचा दांडा धरून जमिनीकडे बघत उभे होते.

"आजी, काही सांगायचंय का?" साहेबांनी विचारलं. न्हावीकाकांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली.

"सांगायचंय," सासूबाई म्हणाल्या. "तो राजाच्या पदरी नव्हता. माझ्या घरी होता. माझा नवरा. मातीत बसवून माप घेतलं माझं. विचारा या सगळ्यांना."

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी डोंगराकडे पाहिलं.

"राहू दे, त्यांना नका विचारू. दगडालाच विचारा," सासूबाई म्हणाल्या. "चल गं."

मी आणि यांनी त्यांना उचलून दोरीच्या आत नेलं. कुणी अडवलं नाही. कपड्यांसकट त्यांना दगडात बसवलं, आणि त्या अशा बसल्या, की हात आणि हातमोजा. बत्तीस वर्षांत दगड आणि कंबर दोघांनीही एकमेकांची सवय लावून घेतली होती. मधे बोट घालायला जागा नाही. पन्हळीतून धार आली ती नेमकी दुखऱ्या जागी. सासूबाईंनी डोळे मिटले आणि सात दिवसांचा श्वास सोडला. मोजणीबाई फीत घेऊन खाली वाकल्या, कमरेजवळ धरली, आणि तशाच थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं होतं. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात साहेब खुर्चीतून उठले.

"वा!" ते ओरडले. "हुबेहूब! कमरेची तीच ठेवण! बाई, लिहून घ्या. ही रक्ताची खूण आहे. या आजी राणीच्या वंशातल्या!"

"अहो, मी चाऱ्याच्या गाडीवरून पडले होते," सासूबाई म्हणाल्या.

"आणि राणी घोड्यावरून पडली होती. घराण्यातच आहे ते!"

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागून सगळ्या गावाने वाजवल्या. पुढारी पुढे सरसावून म्हणाले, "आम्हाला पहिल्यापासूनच माहीत होतं साहेब. पण आपण होऊन सांगायचं कसं?" मोजणीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. साहेबांनी तिथेच रस्ता मंजूर केला, वंशजांना स्नानाचा हक्क कायम ठेवला, आणि घड्याळ बघत गाडीत बसले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी न्हावीकाका खुर्चीतून उठून दोरी वर धरतात आणि सासूबाई खालून जातात. "सावकाश, राणीसाहेब," काका म्हणतात. "तुझा अंगठा कसा आहे?" सासूबाई विचारतात. तिसऱ्या दिवशी त्या भिंत न धरता उठल्या, आणि पाचव्या दिवशी माझ्या कपडे पिळण्याच्या पद्धतीवर तासभर बोलल्या. राणीची सून झाल्याने माझ्या कामात काही फरक पडलेला नाही. बादली तीच आहे.

लोक यायला लागले. सासूबाई पाण्यात बसल्या बसल्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "हा दगड माझ्या नवऱ्यानं कोरलाय." लोक कौतुकाने हसतात. मास्तर शेजारी उभे राहून समजावून सांगतात, की घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आठवण आहे ही, आणि राणीचा नवरा म्हणजे अर्थातच राजा. आठवडाभरात गावात सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट झाली. राजाने राणीसाठी आपल्या हाताने दगड कोरला. पुढारी तर ही गोष्ट आजोबांकडून ऐकल्याचं सांगतात.

महिन्याभराने एका दुपारी मोजणीबाई एकट्या आमच्या घरी आल्या. आमचे हे अंगणात एक चौकोनी शिळा घासत होते. लाकडी पाटीच्या जागी आता दगडी पाटी लागणार होती, आणि गावात पाथरवट एकच, म्हणून काम आमच्याकडेच आलं होतं. बाई ओसरीच्या कडेला बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"साहेब बोलून बसले होते. रस्ता मंजूर झाला होता. आणि..." त्या थांबल्या. "माझीच चूक होती. ती चारचौघांत कबूल करायला जीभ रेटली नाही."

सासूबाईंनी त्यांना कडेवरून आत सरकून नीट बसायला सांगितलं. एरवी त्यांनी एवढ्यावर कुणाला सोडलं नसतं.

"माती कुठली घेतली होती?" बाईंनी हळूच विचारलं.

सासूबाई सांगायला लागल्या. तळ्याकाठची चिकण माती, तीन दिवस भिजवलेली, तुडवताना त्यात काय मिसळलं, किती वेळ बसवलं, ऊन किती होतं, शेजारणी कुंपणावरून कशा वाकून बघत होत्या, आणि मामंजी ठशाभोवती गुडघ्यांवर रांगत कसे बोटांनी मापं घेत होते. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. चहा दोनदा झाला. हे शिळा घासायचे थांबून ऐकत होते, कारण त्यातलं अर्धं त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं.

"हे छापता येईल का, सांगता येत नाही," जाताना बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून यांच्या हातात दिला. "हा पाटीवरचा मजकूर. मंजूर झालाय. मला एवढंच करता आलं."

कागद मी वाचून दाखवला. 'हे आसन राजाने आपल्या राणीसाठी स्वतः कोरले.' सासूबाईंनी तो मला आणखी दोनदा वाचायला लावला.

मी भांडणाची वाट बघत उभी राहिले. बाईही उभ्या राहिल्या. सासूबाई काठीशी चाळा करत होत्या.

"राजाचं राहू दे," शेवटी त्या यांना म्हणाल्या. "तेवढं 'स्वतः' मोठ्या अक्षरात कोर."

यांनी शिळेवर खडूने आखलेल्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या आणि नव्याने आखायला घेतल्या.